बहिणीसोबत पुन्हा एका घरात राहताना

माझा आणि ताईचा जीव एकेकाळी एकाच माणसावर जडला होता. आज आम्ही दोघी एका घरात राहतो. तुम्हालाही असं राहायचं असेल, तर सामान हलवण्याआधी तो विषय एकदा पूर्ण बोलून घ्या: कुणाला काय लागलं, काय अजून सलतं. ती बोलताना खुलासे देऊ नका, नुसतं ऐका. हे सगळ्यात अवघड आहे, पण याशिवाय बाकीचं टिकत नाही असं मला मनापासून वाटतं. मग ठरवा, भांडण भांडी घासण्यावरून असेल तर तिथेच राहील, त्या माणसाचं नाव निघणार नाही. खर्च लिहून ठेवा. आणि आयुष्यात कुणी नवं आलं, तर घरी आणण्यापूर्वी बहिणीला तुम्हीच सांगा. तिला ते बाहेरून कळू देऊ नका.