पिकअपचं हेड गॅस्केट
कापूस भरून हिंगणघाटला निघालो अन् पिकअपचा तापमानाचा काटा लालवर. गळती कुठंच नाही, तरी रेडिएटरचं पाणी रोज कमी होई. सकाळी थंड इंजिनावर झाकण उघडून गाडी चालू केली, तर पाण्यात सारखे बुडबुडे! इंजिनचा ब्लॉक अन् त्यावरचं हेड यांच्या मधलं सील, म्हणजे हेड गॅस्केट, गेलं होतं; सिलिंडरमधला दाबाचा गॅस पाण्यात घुसत होता. पाणी मिसळून ऑइल दुधाळ झालं नव्हतं, एवढं नशीब.

मिस्त्री म्हणाला, "नुसतं गॅस्केट बदलून नाही जमत, भाऊ." हेडवर सरळ पट्टी ठेवून फीलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) पाहिलं, हेड वाकलेलं. फेसिंग केलं, म्हणजे मशीनवर घासून सपाट केलं. जुन्या गॅस्केटवरच्या खाचा मोजून त्याच जाडीचं नवं आणलं; पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो, त्यावर ती जाडी ठरते. बोल्ट नवे, मधून बाहेर, टॉर्क रेंचनं (ठरल्या जोरानं आवळायच्या पान्यानं) टप्प्याटप्प्यानं कसले.

मूळ दोष माझाच. कूलंट (इंजिन थंड ठेवायचं द्रव) महाग म्हणून बोअरचं खारं पाणी भरत होतो; त्याचे क्षार आत साचून इंजिन तापलं.