युद्धाच्या ऑर्डरी थांबताना कारखाना पुन्हा मोटारींकडे कसा वळवायचा: अमेरिका, 1944-45

ऑर्डर रद्द झाल्याची तार येण्याआधीच यादी तयार ठेवा. अर्धवट माल, कच्चा माल, जिग आणि फिक्स्चर (काम करताना सुटा भाग पकडून ठेवणारे साचे), सगळे मोजून कंत्राट क्रमांकाप्रमाणे लिहा. जुलै 1944 च्या कंत्राट निपटारा कायद्याप्रमाणे यादी दिल्यापासून 60 दिवसांत सरकारने माल हलवायचा आहे. यादीच अपुरी असेल तर शॉपफ्लोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम चालते ती जागा, अडकून पडतो. तयार मालाची पूर्ण किंमत आणि कच्च्या मालाच्या खर्चाच्या 90 टक्क्यांपर्यंत अंतरिम रक्कम मिळते. ती लगेच मागा, पगार थांबत नाहीत. उपकंत्राटदारांचे दावे आधी गोळा करा, खरा उशीर तिथेच होतो.

सरकारी मालकीची यंत्रे वेगळ्या रंगाने खुणावा.

आता डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारे पोलादी साचे. 1942 मध्ये मोटारींचे उत्पादन थांबले तेव्हा बाजूला ठेवलेल्या डायवरचे घट्ट झालेले ग्रीस रॉकेलने काढा, कडा आणि कोपरे बोटाने चाचपा. गंजाचा बारीक खड्डाही पत्र्यावर उमटतो आणि रंगाखाली लपत नाही. प्रेसवर चढवून आधी चार-पाच पत्रे दाबून पाहा. नवे मॉडेल मात्र इतक्यात आखू नका, नव्या डायला महिने लागतात. डेट्रॉइटने, म्हणजे अमेरिकेच्या मोटार उद्योगाने, 1946 च्या बहुतेक गाड्या 1942 च्याच आराखड्यावर काढल्या, आणि ते योग्यच होते. पत्र्याची मागणी सर्वांत आधी नोंदवा. रांग तिथेच लागते.