इंग्रजीत 'फर्स्ट', 'सेकंड'च्या आधी काय लावायचं?

क्रमवाचक शब्दाआधी बहुतेक वेळा 'द' लागतो: 'ऑन द थर्ड फ्लोअर', 'इन द सेकंड रो', 'फॉर द फर्स्ट टाइम'. तारखेला 'ऑन द फिफ्थ'. मुदत सांगायची असेल तर 'बाय द फिफ्थ', म्हणजे पाच तारखेपर्यंत. तिथे 'ऑन' घातलंत तर समोरचा काम पाचलाच काढेल.

खरी गडबड 'अ‍ॅट फर्स्ट'ची. यात 'द' नाही. अर्थ 'सुरुवातीला', आणि नंतर चित्र पालटलं हे त्यात आलंच: 'अ‍ॅट फर्स्ट आय रिफ्यूज्ड, बट लेटर आय अ‍ॅग्रीड'. मुद्दे मांडताना ते चालत नाही. तिथे नुसतं 'फर्स्ट'.

'व्हाय डिड यू गो इन द फर्स्ट प्लेस?' म्हणजे मुळात गेलातच कशाला? यातला 'द' गाळला की 'इन फर्स्ट प्लेस', म्हणजे स्पर्धेत पहिला क्रमांक!