शिमल्यात रात्रीतून पावसाचा बर्फ झाला की द्राक्षबागेत कामाला लागा

मंडळी, डिसेंबर-जानेवारीत पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून उत्तर भारतात येणारी पाऊस-बर्फाची प्रणाली, आली की हवामानाचा नाद असलेले लोक रात्र रात्र जागून एकच गोष्ट बघत असतात, हिमाचलात संध्याकाळपासून पडणाऱ्या पावसाचा मध्यरात्रीनंतर बर्फ होतोय का. आपल्या निफाड-दिंडोरीच्या बागायतदाराने पण हे बघावं असं मी मनापासून सांगतोय, कारण तिकडचा तो बदल म्हणजे आपल्याला दोन-तीन दिवस आधी मिळालेली खबर असते. विक्षोभ पुढे सरकला की मागे आभाळ मोकळं होतं, बर्फावरून आलेले कोरडे गार वारे पंजाब-राजस्थान-मध्य प्रदेश करत धुळे, जळगाव आणि नाशिकवर उतरतात आणि पारा घसरतो. डिसेंबर 2018 च्या शेवटी निफाडला 2 अंशाच्या खाली गेला होता, पानांवरचं दव गोठलं होतं, ते ज्यांनी बघितलंय त्यांना जास्त सांगायला नको.

आता तो बदल ओळखायचा कसा. ढगात वरती बहुतेक बर्फच तयार होतो, खाली येताना शून्य अंशाची पातळी ओलांडली की तो वितळतो आणि पाऊस म्हणून पडतो. पण वितळायला उष्णता लागते, ती तो आजूबाजूच्या हवेतूनच ओढून घेतो, त्यामुळे जोराचा पाऊस सलग चालला की हवा गार होत जाते आणि ती पातळी खाली खाली सरकते. म्हणून आधी नारकंडा आणि कुफ्रीला बर्फ लागतो, ती ठिकाणं साधारण 2700 मीटरवर आहेत, मग जाखूच्या टेकडीवर, आणि शेवटी 2200 मीटरच्या आसपास असलेल्या शिमल्याच्या रिजवर, म्हणजे शहराच्या मधोमध असलेल्या मोकळ्या चौकात. नुसत्या कुफ्रीत पडला तर फार हुरळून किंवा घाबरून जाऊ नका, पण रिजवर पहाटेपर्यंत पांढरं झालं तर थंड हवा चांगली खोलवर घुसलीये असं समजा. तिकडचा सफरचंदवाला खूश असतो बरं का, त्याच्या झाडाला हिवाळ्यात भरपूर थंडीचे तास लागतात आणि बर्फाने जमिनीत ओल राहते, काळजी आपल्या द्राक्षाला असते.

एक गोष्ट मात्र नक्की तपासा. पहिल्या विक्षोभाच्या मागे लगेच दुसरा येत असेल तर आपल्याकडे ढग राहतात, वारा पूर्वेचा-दक्षिणेचा होतो आणि थंडी पडतच नाही, उलट ढगाळ दमट हवेत भुरीचा, म्हणजे द्राक्षावरच्या पांढऱ्या बुरशीचा, त्रास वाढतो. त्यामुळे हवामान खात्याचा अंदाज रोज वाचा आणि संध्याकाळी स्वतः तीन गोष्टी बघा, आभाळ निरभ्र आहे का, वारा पडलाय का आणि हवा कोरडी आहे का. तिन्ही हो असतील तर ती रात्र जड जाणार. वारा चालू असेल तर वरची थोडी उबदार हवा खाली मिसळत राहते आणि पारा तेवढा पडत नाही.

मोबाईलवर दिसणारं तापमान तुमच्या बागेचं नसतं हे पण लक्षात ठेवा. थर्मामीटर ओलांड्याच्या, म्हणजे वेलीच्या तारेवर आडव्या पसरलेल्या फांदीच्या, उंचीला टांगा आणि दुसरा जमिनीपासून वीतभर वर ठेवा, निरभ्र शांत रात्री खालचा काही अंशांनी कमी दाखवतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी हिमकण दिसतात आणि गावात तेवढी थंडी नसते ते ह्याच्यामुळेच, गार हवा जड असते, ती उतारावरून वाहत जाऊन खोलगट जागी साचते. तुमच्या शेतात नाल्याकडेचा जो तुकडा असेल तिथे आधी लक्ष द्या, सगळ्या बागेला सारखी मेहनत करायची गरज नसते.

मण्यात पाणी उतरायला, म्हणजे मणी मऊ पडून गोडी भरायला, लागलं असेल तर ही थंडी सगळ्यात महाग पडते. रात्री पारा खूप खाली आणि दुपारी कडक ऊन, असा फरक मोठा झाला की मणी तडकतात, थॉमसन ह्या हिरव्या द्राक्षाच्या जातीत पिंक बेरी येते, म्हणजे मणी गुलाबी पडतात, आणि मुळं सुस्त झाल्यामुळे फुगवण थांबते. अगोदर अवकाळी पाऊस झाला असेल तर तडकण्याचा धोका अजून वाढतो. पाणी तोडू नका, पण एकदम धो धो पण सोडू नका, जमीन कोरडी पडून मग अचानक भरपूर पाणी मिळालं की मणी फुटतातच. ड्रिपने थोडं थोडं रोज द्या आणि थंडीच्या रात्री त्यातला हप्ता पहाटेच्या वेळेला ठेवा, लाईटच्या वेळापत्रकात बसेल तसं. ओली जमीन दिवसा जास्त उष्णता साठवते आणि रात्री हळूहळू सोडते, शिवाय विहिरी-बोअरचं पाणी त्या वेळच्या हवेपेक्षा उबदारच असतं. घडांना झाकायला पेपर लावायचे असतील तर पाणी उतरायच्या सुरुवातीलाच लावा, गुलाबी मणी दिसल्यावर लावून काही हाती लागत नाही.

शेकोटीबद्दल बरेच गैरसमज आहेत म्हणून जरा सविस्तर सांगतो. लोक एका बांधाला मोठा जाळ करतात, त्याने काम होत नाही, मोठ्या जाळाची गरम हवा सरळ वर निघून जाते आणि बाजूची गार हवा बागेत ओढली जाते. लहान लहान शेकोट्या, बागेच्या कडेने आणि मधल्या मोकळ्या पट्ट्यांत, काडीकचरा आणि भुसा घालून धुमसत ठेवायच्या, आणि त्या मध्यरात्रीनंतर पेटवून सूर्य वर येईपर्यंत टिकवायच्या कारण सगळ्यात कमी तापमान सूर्योदयाच्या आसपासच असतं. नऊ वाजता पेटवून झोपायला गेलात तर लाकूड वाया. टायर आणि प्लास्टिक अजिबात जाळू नका, घडांवर काजळी बसते आणि माणसांच्या छातीला त्रास होतो. धूर दिसतो म्हणून लोक त्याला मानतात, खरा फायदा उष्णतेचा आणि हवा हलण्याचा आहे.

फवारणी सकाळी दवात करू नका, दहा-अकरानंतर पानं सुकली की करा. भुरीसाठी गंधक वापरत असाल तर ते कडाक्याच्या थंडीत नीट काम करत नाही कारण ते वाफेवर चालतं, आणि काढणी जवळ असेल तर कुठल्याही औषधाचा काढणीपूर्व कालावधी बघूनच हात घाला, एक्सपोर्टचा माल रेसिड्यूवर, म्हणजे मालात उरलेल्या औषधाच्या अंशावर, अडकला तर वर्ष जातं.

गहू-हरभऱ्याची फार चिंता नको, गव्हाला तर ही थंडी मानवते, फक्त फुलावरच्या हरभऱ्याला पाण्याची ओढ देऊ नका. रावेर-यावलच्या केळीवाल्यांनी मात्र सावध राहायचं, 10 अंशाच्या खाली वाढ थांबते आणि निसवण, म्हणजे घड बाहेर पडणं, चालू असेल तर घड खोडातच अडकतो, तेव्हा रात्री पाणी द्या, घडांना स्कर्टिंग बॅग, म्हणजे घड झाकायची पिशवी, घाला आणि उत्तरेकडच्या कडेला शेडनेट किंवा गवताची ताटी बांधून घ्या. गोठ्याला पण त्याच बाजूने गोणपाट लावा, वासरं ओल्या जमिनीवर बसू देऊ नका.

थंडी ओसरल्यावर लगेच कात्री घेऊन बागेत शिरू नका, करपलेली पानं काही दिवस तशीच राहू द्या म्हणजे नेमकं किती गेलंय ते कळतं. तडकलेले मणी मात्र थांबवून ठेवायचे नाहीत, दुपारी घड कोरडे असताना बारीक कात्रीने एकेक काढा, खाली टाकू नका, बादलीत गोळा करून बागेबाहेर खड्ड्यात पुरा, नाहीतर दोन दिवसांत त्याच्यावर बुरशी येऊन शेजारचे चांगले मणी पण सडायला लागतात.