मार्चअखेरचं संघटनेचं पत्र आणि तुमच्या पुढच्या शिक्षणाचा खर्च

शिक्षक संघटनेचं मार्चअखेरचं पत्र ग्रुपवर पडलं की बहुतेक जण महागाई भत्ता आणि जुनी पेन्शन कुठवर आली तेवढं बघतात, अधिवेशनाच्या फोटोत आपण आहोत का ते शोधतात आणि पत्र बंद करतात. मी तालुका शाखेचा कोषाध्यक्ष आहे आणि शिक्षक पतसंस्थेच्या कर्ज समितीवरही बसतो. कामाचा मजकूर मधल्या पानांवर असतो, तो कुणी वाचत नाही. बीएड, एमए, एमएड, पीएचडी यातलं काही मनात असेल, तर ही पानं हातात पेन घेऊन वाचा.

आधी टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा परिच्छेद. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालानुसार पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या शिक्षकांना निकालापासून दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायचं आहे. पाच वर्षांहून कमी सेवा उरली असेल तर नोकरीला धक्का नाही, पण पदोन्नती हवी असेल तर त्यांनाही परीक्षा आहेच. फेरविचाराची मागणी, मोर्चे, निवेदनं यांची माहिती पत्रात असेल. ती जरूर वाचा, पण तिच्या भरवशावर पुस्तक मिटू नका. तुम्ही या निकालात येत असाल, तर त्याच वर्षी एमएचा प्रवेश आणि त्याचं कर्ज अंगावर घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी टीईटी, मग पदवी.

पैशाचा विचार करण्याआधी परवानगीचा करा. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाने मुख्याध्यापकांमार्फत गटशिक्षणाधिकारी कार्यालयात आणि खासगी अनुदानित शाळेतल्याने संस्थेकडे अर्ज द्यायचा, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व तारीख घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही. मोबाइलवर ‘सर, टाकलाय अर्ज’ म्हणणं म्हणजे अर्ज नव्हे. प्रवेश आधी आणि परवानगी नंतर असा उलटा क्रम झाला, की पदवीची नोंद सेवापुस्तिकेत घेताना आक्षेप निघतो आणि निवड श्रेणीच्या, म्हणजे वरच्या वेतनश्रेणीच्या प्रस्तावाच्या वेळी ते सगळं पुन्हा उकरून निघतं. चोवीस वर्षांच्या सेवेनंतर कोण कुठे ती परवानगी शोधत बसणार?

नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांचा मोठा आधार म्हणजे नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि इग्नू. डीएड करून सेवेत असलेल्यांसाठी दूरशिक्षणाचं बीएड आहे. नियमित अभ्यासक्रमच करायचा असेल तर रजा लागते. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मध्ये अध्ययन रजेची तरतूद आहे, पण ती हक्क म्हणून मिळत नाही, आणि परत येऊन ठरावीक काळ सेवा करण्याचं बंधपत्र लिहून द्यावं लागतं. ते बंधपत्र सही करण्याआधी घरी नेऊन वाचा. आपल्या शाळेला नेमके कोणते रजानियम लागू आहेत, हे संघटनेच्या जिल्हा कार्यालयात विचारून घ्या. त्यासाठीच वर्गणी भरतो आपण.

आता पैसा. पतसंस्थेचं कर्ज सगळ्यांना सोपं वाटतं, कारण दोन सहकारी जामीनदार मिळाले की काम होतं आणि हप्ता पगारातूनच कापला जातो. सोपं आहे म्हणून ते स्वस्त असेलच असं नाही. अर्जावर सही करण्याआधी तीन गोष्टी विचारा, आणि तोंडी उत्तर घेऊ नका. व्याज शिल्लक रकमेवर लागतं की मूळ रकमेवर? कर्जातून भागभांडवलापोटी, म्हणजे संस्थेच्या शेअरसाठी, किती रक्कम कापली जाते, म्हणजे हातात प्रत्यक्षात किती येतात? आणि मुदतीआधी फेड केली तर काही आकार लागतो का? समितीवर बसूनही मी हे सांगतो, कारण लाभांश जाहीर झाल्यावर टाळ्या वाजवणारे आम्ही सगळे विसरतो, की तो कर्जदार सभासदाच्या व्याजातूनच येतो. कायद्याने लाभांशाला १५ टक्क्यांची मर्यादा आहे, ती उगाच नाही.

संस्थेच्या वार्षिक अहवालात ‘शिक्षण निधी’ असं शीर्षक दिसलं, तर हुरळून जाऊ नका. सहकारी कायद्यातला तो निधी सहकार शिक्षणासाठीचा असतो, तुमच्या एमएडसाठीचा नव्हे. तुमच्या उपयोगाचा मथळा ‘सभासद कल्याण निधी’. त्याचे नियम मागवून बघा. बऱ्याचदा त्यात पाल्यांच्या गुणगौरवाला, आजारपणाला, मृत्यूला मदत असते आणि सभासदाच्या स्वतःच्या शिक्षणाचा उल्लेखच नसतो. तो आणायची जागा म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभा. ती ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते. ऐनवेळच्या विषयात उभं राहून बोललात तर अध्यक्ष ‘विचार करू’ म्हणतील आणि जेवणाची घोषणा होईल. त्याऐवजी नोटीस निघण्याआधी चार-पाच सभासदांच्या सह्यांनिशी लेखी ठराव द्या.

भविष्य निर्वाह निधी असलेल्यांना दुसरी वाट आहे. उच्च शिक्षण हे त्यातून रक्कम मिळण्याचं मान्य कारण आहे. हा आपलाच पैसा, त्यामुळे कर्जाचं व्याज नाही, पण काढलेल्या रकमेवर मिळणारं व्याज मात्र बुडतं. १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना सहसा हा निधी नाही, त्यांचं एनपीएस, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजना. तिथेही तीन वर्षांनंतर स्वतःच्या वर्गणीच्या २५ टक्क्यांपर्यंत अंशतः रक्कम काढता येते, आणि मान्य कारणांत मुलांच्या उच्च शिक्षणासोबत स्वतःचं कौशल्य वाढवणंही आहे. सरकारचा वाटा आणि वाढ या हिशेबात धरत नाहीत, त्यामुळे आकडा अपेक्षेपेक्षा लहान निघतो. एमएच्या फीपुरता मात्र पुष्कळदा पुरतो.

बँकेच्या शैक्षणिक कर्जाकडे शिक्षक वळत नाहीत, आणि तिथेच कराची एक सवलत हातची जाते. आयकराच्या कलम ८०ई खाली उच्च शिक्षणाच्या कर्जावरचं व्याज उत्पन्नातून वजा होतं, त्याला कमाल मर्यादा नाही आणि ती वजावट आठ वर्षांपर्यंत मिळते. (२०२५ च्या नव्या आयकर कायद्यात कलमाचा आकडा वेगळा आहे.) अट अशी, की कर्ज बँकेचं, अधिसूचित वित्तीय संस्थेचं किंवा मान्यताप्राप्त धर्मादाय संस्थेचं हवं. पतसंस्थेच्या कर्जाला ती मिळत नाही. मुद्दलाला नाही. आणि नव्या करप्रणालीत असाल तर कशालाच नाही. म्हणून पतसंस्था आणि बँक यांचे दर शेजारी मांडताना कर वाचतो तो धरून मांडा. उत्तर कधीकधी उलटं येतं. ८०सी खाली स्वतःची फी दाखवणारेही दरवर्षी भेटतात. ती शिक्षण शुल्काची वजावट फक्त मुलांच्या फीला आहे, तीही दोनच मुलांच्या आणि पूर्णवेळ शिक्षणाच्या.

खर्च कमीच करायचा असेल तर केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या ऑनलाइन मंचावरचे अभ्यासक्रम बघा. शिकणं फुकट, प्रमाणपत्राच्या परीक्षेला तेवढं शुल्क. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने दरवर्षी ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे. हे तास कुठल्या प्रशिक्षणात धरले जातात, याची सूचनाही पुष्कळदा त्या मधल्या पानांवरच असते.

निकाल लागला, की पहिल्याच आठवड्यात गुणपत्रक, परवानगीची प्रत आणि नोंदीचा अर्ज एकत्र देऊन टाका. पेढे नंतर.