दिवसभर राबणाऱ्या शरीरालाही ताणाचा व्यायाम का हवा आणि तो कसा करावा

लावणीच्या दिवसांत आमच्या दापोली तालुक्यातील गावात स्ट्रेचिंगचा विषय काढला, की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते: दिवसभर शेतात राबतो, आता आणखी वेगळा व्यायाम कशाला? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवे. शेतीचे, मासळीचे किंवा बागेचे काम अंगात बळ आणते, दमही वाढवते. परंतु ते शरीराला तासन्‌तास एकाच अवस्थेत जखडून ठेवते. लावणी करणारी बाई सकाळपासून पुढे वाकलेली असते, विळीवर बसून मासे कापणारीच्या जांघा आणि गुडघे दुमडलेले असतात, आणि झेल्याने (आंबे झेलायची जाळी बांधलेल्या लांब काठीने) हापूस उतरवणाऱ्याची मान दिवसभर वर वळलेली असते. जो भाग असा आखडून राहतो त्याला रोज काही मिनिटे उलट दिशेने सैल करणे, हा या व्यायामाचा गाभा आहे. म्हणून कोणता ताण घ्यावा हे ठरवण्याआधी आजचा दिवस आपण कोणत्या अवस्थेत काढला, हे आठवून पाहावे.

ताण घेण्याची उत्तम वेळ कामानंतरची, म्हणजे अंग गरम असतानाची. तसे जमले नाही तर आधी पाच मिनिटे अंगणात चालावे. सकाळी उठल्याउठल्या कंबरेतून खोल वाकणे मात्र टाळावे, कारण रात्रभर आडवे पडल्यामुळे मणक्यांमधील चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात आणि पहिल्या तासाभरात वाकताना त्यांच्यावर अधिक भार येतो. पावसाळ्यात पहाटेच तरवा (भाताची रोपे) काढायला बसणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

प्रत्येक ताण 15 ते 30 सेकंद धरावा आणि दोन ते चार वेळा करावा; एका स्नायूला एकूण साधारण मिनिटभर ताण मिळाला की पुरे. वयस्कांनी एकेक ताण 30 ते 60 सेकंदांपर्यंत धरण्यास हरकत नाही. आठवड्यातून किमान दोन-तीन दिवस तरी करावे, रोज केल्यास अधिक चांगले. ओढ जाणवावी, कळ येऊ नये. झटके देऊन ताणणे ही नेहमी दिसणारी चूक आहे: स्नायू अचानक खेचला गेला की तो बचावासाठी आपोआप आकसतो, आणि आपण त्याला सैल करण्याऐवजी त्याच्याशी झगडत बसतो. हळूहळू ओढ घ्यावी, श्वास रोखू नये, आणि श्वास सोडताना अंग थोडे अधिक सैल सोडावे.

लावणीसाठी सर्वांत उपयोगी ताण शेतातच उभ्याने करता येतो. दोन्ही तळवे कंबरेच्या मागे टेकवून, गुडघे सरळ ठेवून, छाती वर उचलत सावकाश मागे झुकावे, दोन-तीन सेकंद थांबून सरळ व्हावे, आणि असे पाच-सहा वेळा करावे. कंबर धरेपर्यंत वाट पाहू नये. दर अर्ध्या तासाने, इरले सावरायला उभे राहाल तेव्हाच हे उरकावे.

विळीवर, दुकानात किंवा रिक्षात दिवस काढणाऱ्यांनी जांघेचा पुढचा भाग सैल करावा. घडी घातलेल्या गोधडीवर एक गुडघा टेकवावा, दुसरे पाऊल पुढे ठेवावे, ओटीपोट किंचित आत घ्यावे आणि कंबर सरळ ठेवून सारे अंग पुढे सरकवावे. टेकलेल्या पायाच्या जांघेत ओढ जाणवली, तर ताण योग्य जागी बसला असे समजावे. पाठीला कमान आली तर ओढ कंबरेवर जाते आणि मूळ हेतू हुकतो.

पोटरीविषयी थोडे अधिक लिहितो, कारण तिच्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. माझी आई संध्याकाळी पडवीच्या खांबाला दोन्ही हात लावून उभी राहते. एक पाय पुढे, एक मागे, मागचा गुडघा सरळ, पंजा नाकासमोर. सुरुवातीला तिची उजवी टाच जमिनीपासून बोटभर उचललेली राहत असे आणि ती टेकवण्यासाठी ती पंजा बाहेर वळवून घेई. पंजा सरळ ठेवायला सांगितल्यावर तिला पाऊल खांबाजवळ आणावे लागले. दीड महिन्यानंतर तीच टाच दूरवरूनही सहज टेकू लागली. पोटरीत दोन मुख्य स्नायू असतात. वरचा स्नायू गुडघा सरळ असताना ताणला जातो, आतला स्नायू गुडघा किंचित वाकवल्यावर. म्हणून दोन्ही प्रकारे करावे. घोट्याची लवचिकता राहिली की घाटी उतरताना आणि उकिडवे बसताना पाय साथ देतो.

मांडीच्या मागच्या बाजूसाठी उताणे निजून एका पायाच्या तळव्याला पंचा अडकवावा आणि तो पाय सरळ वर घ्यावा. उभ्याने वाकून बोटे पकडण्यापेक्षा यात पाठ सुरक्षित राहते. जाळी सांधणाऱ्यांनी दाराच्या चौकटीवर हात टेकवून छाती पुढे न्यावी. झेला पेलणाऱ्यांनी हनुवटी हलकेच छातीकडे आणावी.

पहिल्या काही आठवड्यांत जो फरक पडतो तो मुख्यतः ओढ सहन करण्याची मज्जासंस्थेची तयारी वाढल्यामुळे पडतो, आणि सोडून दिले की तो ओसरतो. म्हणून सातत्य महत्त्वाचे. सांध्यांची हालचाल मोकळी होणे आणि अवघडलेपण कमी होणे, हा खरा लाभ आहे. नव्या कामानंतर दुसऱ्या दिवशी अंग दुखते ते यामुळे फारसे टळत नाही, आणि चालणे किंवा बळ वाढवणारा व्यायाम यांची जागा हा व्यायाम घेत नाही.

नुकताच लचकलेला सांधा किंवा शस्त्रक्रिया झालेला भाग डॉक्टरांना विचारल्याशिवाय ताणू नये. हाडे ठिसूळ झालेल्यांनी खोल पुढे वाकू नये. गरोदरपणात सांध्यांचे बंध सैल झालेले असतात, तेव्हा हाताने जोर लावू नये. पायात मुंग्या किंवा बधिरपणा आला तर तिथेच थांबावे. पायातील बळ कमी झाले किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला तर विलंब न करता रुग्णालय गाठावे.

गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांनीही हे ध्यानात घ्यावे. गाडीत बसून असताना दर तासाला पावले वर-खाली हलवावीत, शक्य असेल तेव्हा उठून चार पावले चालावे, आणि घरी पोहोचल्यावर सामान उचलण्याआधी अंगणात उभे राहून दोन मिनिटे कंबर मागे झुकवावी.