रुग्णाला इन्सुलिन घ्यायला शिकवताना

“समजलं ना?” असं विचारू नका. रुग्ण मान डोलावतो आणि घरी जाऊन चुकतो. “आता तुम्ही करून दाखवा, म्हणजे मी नीट सांगितलं का ते मला कळेल,” असं म्हणा.

सगळ्यात आधी बाटली आणि सिरिंज जुळवा. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा ४० युनिट प्रति मिली असतं. त्याला लाल टोपणाची सिरिंज. १०० युनिटवाल्याला केशरी टोपणाची. लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये १०० युनिटवालं इन्सुलिन २० च्या खुणेपर्यंत भरलं, तर अंगात ५० युनिट जातात. साखर एकदम उतरते, जीवावर बेतू शकतं. उलटी अदलाबदल झाली तर २० ऐवजी ८च. नवी बाटली आणली की लेबल मोठ्याने वाचून घ्या. वाचता येत नसेल तर वापरलेलं लाल टोपण चिकटपट्टीने ४० युनिटवाल्या बाटलीच्या डब्याला लावून द्या.

दुधाळ इन्सुलिन तळहातांमध्ये हळुवार घोळवायचं, खळखळ हलवायचं नाही. बेंबीपासून दोन बोटं सोडून टोचायचं, दर वेळी बोटभर सरकून. एकाच जागी टोचत राहिलं की गाठ येते आणि तिथून औषध धड शोषलं जात नाही. ती गाठ रुग्णाला स्वतःच्या बोटांनी चाचपू द्या.

गोठलेली बाटली फेकूनच द्यायची.

साखर फार उतरून घाम, थरथर, धडधड जाणवली तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून. १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. हे घरच्यांनाही शिकवा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना.